सेवेचे तास, फीचे पैसे

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटली की आधी दाखले आठवतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, बोनाफाईड, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि एवढं सगळं जोडून झाल्यावर महाडीबीटीच्या पोर्टलवर महिनोन्‌महिने तपासणीत अडकलेला अर्ज. या कागदांतून सरकार विद्यार्थ्याला दोनच गोष्टी विचारत असतं. तू कोण, आणि तुझ्या घरात पैसा किती येतो? शिष्यवृत्ती गुणवत्तेची असेल तर तिसरा प्रश्न मार्कांचा. ‘आठवड्यातले किती तास तू दुसऱ्या कोणासाठी देशील?’ असं काही आपले अर्ज सहसा विचारत नाहीत.

अमेरिकेत हे विचारणाऱ्या शिष्यवृत्त्या बऱ्याच आहेत. काही खासगी, काही केंद्र सरकारच्या, काही एकेका राज्याच्या. वरून पाहिलं तर सगळ्या एका साच्यातल्या: इतके तास समाजसेवा करा, इतके डॉलर घ्या. जवळ गेलं की मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एखादी योजना मुलाची चार वर्षं घडवते, तर एखादी त्याच्याकडून फक्त एक फॉर्म भरून घेते.

सुरुवात केंटकी राज्यातल्या बेरिया नावाच्या लहानशा गावापासून करायला हवी. जॉन फी नावाच्या पाद्र्याने १८५५ मध्ये तिथे एक शाळा काढली. पुण्यात भिडे वाड्यातली शाळा भरायला लागून तेव्हा सात वर्षं झाली होती. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती आणि फी तिचा कट्टर विरोधक होता. परिणाम व्हायचा तोच झाला. १८५९ मध्ये हत्यारबंद जमावाने बेरियाच्या मंडळींना राज्य सोडायला लावलं. यादवी युद्ध संपल्यावर ती परत आली आणि १८६६ पासून गोरी आणि काळी मुलं तिथे एकाच वर्गात बसू लागली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. फी त्या लोकांपैकीच एक. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण एकाच काळात दोन खंडांत दोघे एकाच कामाला लागले होते हे विसरून चालत नाही.

शिकायला येणारी मुलं ॲपलेशियाच्या डोंगरांतली. कुठे खाणकामगाराचं पोर, कुठे चार एकर खडकाळ शेती असलेल्या घरातलं. त्यांच्याकडून फी मागण्यात अर्थ नव्हता, तेव्हा १८९२ पासून बेरियाने फी घेणंच बंद केलं. ते आजतागायत तसंच आहे. त्या बदल्यात प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो. यातून कोणाची सुटका नाही. कोणी गावातल्या बून टॅव्हर्न या कॉलेजच्या हॉटेलात ट्रे उचलतो, कोणी हातमागावर बसतो, कोणी संगणकांची देखभाल करतो, कोणी झाडू बांधतो. झाडूचं काम तर शंभर वर्षांपासून चालू आहे. वाळवलेल्या तृणाच्या जुड्या दांड्याभोवती धरायच्या, दोरा ताणून आवळायच्या, मग सुईने टाके घालून झाडू चपटा करायचा. तयार झाडू विकले जातात आणि विकत घेणारे ते भिंतीवर शोभेला टांगतात. आपल्याकडे झाडू बांधणाऱ्या हातांच्या वाट्याला पदवी यायला किती पिढ्या गेल्या हे माहीत असलेल्या माणसाला, पदवीच्या वर्गातली सगळी मुलं वेळापत्रकाप्रमाणे अशा कामाला जातात, हे दृश्य नक्कीच विचारात पाडील.

मुलांच्या दहा तासांतून फी भरून निघते अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. झाडू आणि गालिचे विकून कॉलेज चालत नसतं. मृत्युपत्रांतून आलेल्या देणग्या खर्च न करता मुद्दलात टाकायच्या, हे धोरण बेरियाने पिढ्यानपिढ्या पाळलं. आज त्या गंगाजळीच्या उत्पन्नावर सुमारे दीड हजार मुलांची फी भागते. मग काम कशाला? कारण सगळेच काम करतात तेव्हा कोण किती गरीब हे कामावरून कळत नाही. साध्या कॉलेजात जेवणघरात ताटं विसळणारा मुलगा कोण आणि जेवून उठणारा कोण, हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना समजतं.

बेरियाच्या वाटेत कायदाही आडवा आला. १९०४ मध्ये केंटकीने गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र शिक्षणावर बंदी घातली आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ती उठायला १९५० उजाडलं. बंदी येण्याच्या आदल्याच वर्षी बेरियातून पदवी घेऊन बाहेर पडलेला एक विद्यार्थी म्हणजे कार्टर वुडसन. आई-वडील गुलामीतून सुटलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. काळ्या लोकांच्या इतिहासाचा आठवडा साजरा करण्याची प्रथा १९२६ मध्ये त्यानेच सुरू केली, आणि तिचाच पुढे महिना झाला.

इथपर्यंत काम होतं, पण ते कॉलेजच्या आवारातलं होतं. कुंपणाबाहेरच्या लोकांसाठीच्या कामाला शिष्यवृत्ती जोडण्याची कल्पना १९९० ची, आणि तिचा पहिला प्रयोगही बेरियातच झाला.

या प्रयोगामागचे बर्ट्राम बॉनर हे ब्रुकलिनचे. घरबांधणीच्या धंद्यात त्यांनी अमाप पैसा कमावला. पत्नी कोरेला टेनेसीच्या कोळसापट्ट्यात, हलाखीत वाढलेल्या. प्रिन्स्टनमध्ये स्थायिक झाल्यावर दोघांनी प्रतिष्ठान काढलं आणि आधी भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या संस्थांना मदत केली. मग शिक्षणासाठी काय करता येईल असा विचार सुरू झाला, तेव्हा त्यांची बेरियाच्या अध्यक्षांशी बोलणी झाली. प्रतिष्ठानचे पहिले अध्यक्ष वेन मायझेल. या गृहस्थाने १९८४ मध्ये मेन राज्यापासून वॉशिंग्टनपर्यंत पायी जात वाटेतल्या कॉलेजांमध्ये सेवेचा प्रचार केला होता. आपल्याकडच्या पदयात्रांची आठवण व्हावी असाच प्रकार. तेव्हा कॉलेजची मुलं फक्त करिअरच्या मागे आहेत, समाजाचं त्यांना काही पडलेलं नाही, अशी ओरड चालू होती. मायझेल यांचं म्हणणं असं की मुलांना कोणी नीट विचारलेलंच नाही.

बॉनर शिष्यवृत्तीचं मर्म एका साध्या हिशेबात आहे. गरीब घरातल्या मुलाला फीमाफी मिळाली तरी खोलीभाडं, पुस्तकं, बसभाडं, घरी पाठवायचे चार पैसे, हे उरतंच. म्हणून तो संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात किंवा गोदामात पाळी करतो. त्याच वेळी बरी परिस्थिती असलेला त्याचा वर्गमित्र गावातल्या शाळेत मुलांना वाचायला शिकवायला जातो, अन्नछत्रात वाढायला जातो आणि पदवीनंतर ते सगळं आपल्या अर्जात लिहितो. थोडक्यात, स्वयंसेवेला लागतो तो फावला वेळ, आणि तो ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे मिळतो. गरीब वस्तीत सेवा करायला जाणारा मुलगा गरीब वस्तीतला नसणार, हे आधीच ठरून जातं. बॉनर दांपत्याच्या पैशाने नेमकी ती पाळी विकत घेतली. पिझ्झाच्या दुकानात जे दहा तास जायचे ते आम्ही देतो, तू ते गावाला दे.

आठवड्याला दहा तास, एका सत्राचे चौदा आठवडे, म्हणजे १४० तास. दोन सत्रं मिळून २८०. शिवाय चार वर्षांत दोन उन्हाळे पूर्ण वेळ काम, तेही प्रत्येकी सुमारे २८० तास. बेरीज केली तर पदवी हातात येईपर्यंत हजारावर कितीतरी तास होतात. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे ती त्यांची चढती मांडणी. पहिल्या वर्षी मूल दोन-चार ठिकाणी जाऊन पाहतं: शाळेनंतरचा अभ्यासवर्ग, वृद्धाश्रम, बेघरांचा निवारा. दुसऱ्या वर्षी एक जागा पक्की करतं आणि तिला चिकटतं. तिसऱ्या वर्षी नव्या मुलांना शिकवतं, हजेरी सांभाळतं, संस्थेच्या बैठकांना बसतं. चौथ्या वर्षी त्या संस्थेला खरोखर लागणारं एखादं मोठं काम अंगावर घेतं, देणगीसाठी अर्ज लिहिणं असो, वस्तीची पाहणी असो किंवा नवा उपक्रम उभा करणं असो.

एका साध्या आठवड्याचा टाइमशीट पाहिला तर हे जास्त नीट कळतं. सोमवारी आणि बुधवारी दुपारी साडेतीन ते सहा, प्राथमिक शाळेत वाचनवर्ग. शुक्रवारी तीन तास, त्याच शाळेच्या परिसरात पालकांची नावं नोंदवून घेणं. एक तास बॉनर विद्यार्थ्यांची साप्ताहिक बैठक, त्यात कोणाचं काय अडलं हे बोलायचं. एक तास पुढच्या आठवड्याची तयारी. झाले दहा. खाली शाळेतल्या समन्वयकाची सही. बैठकीचा आणि तयारीचा तासही कामात धरला जातो, आणि माझ्या मते सगळ्या टाइमशीटमधली हीच सर्वांत हुशारीची ओळ आहे. तिसरीतला मुलगा सलग तीन आठवडे एकाच पानावर का अडतो याचा विचार करायलाही वेळ लागतो. तो वेळ मोजला नाही तर विद्यार्थी तो देणार नाही.

आज साठ-सत्तर अमेरिकी कॉलेजांत बॉनरच्या नावाने असे कार्यक्रम चालतात. काळ्या विद्यार्थ्यांसाठी नावाजलेली अटलांटामधली स्पेलमन आणि मोअरहाउस ही कॉलेजंही त्यात आहेत. सगळीकडे मात्र बॉनरचा पैसा पुरत नाही. कित्येक कॉलेजं केंद्र सरकारच्या दुसऱ्याच एका योजनेतून हे तास भरून काढतात.

ती योजना म्हणजे फेडरल वर्क-स्टडी, अध्यक्ष जॉन्सन यांच्या १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यातून आलेली. गरजू विद्यार्थ्याला अर्धवेळ काम द्यायचं आणि पगाराचा मोठा भाग, साधारण ७५ टक्क्यांपर्यंत, सरकारने भरायचा. कायद्याच्या मनात समाजोपयोगी काम पहिल्यापासून होतं. प्रत्यक्षात कॉलेजांनी काय केलं? स्वस्तात मिळालेली ही माणसं ग्रंथालयाच्या काउंटरवर, जेवणघरात आणि कार्यालयात फायली लावायला बसवली. कोणतीही संस्था हेच करील. सरकारी पैशात आपली कामं उरकून घेण्याचा मोह कोणाला आवरतो? म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकी काँग्रेसने अट घातली की या पैशातला किमान ५ टक्के वाटा समाजसेवेच्या कामावर गेलाच पाहिजे, आणि २००० पासून तो ७ टक्के केला. शिवाय मुलांना वाचायला किंवा गणित शिकवायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा पूर्ण पगार सरकार देऊ शकतं, कॉलेजला आपला हिस्सा घालावा लागत नाही. ७ टक्के हा आकडा कानाला मोठा वाटत नाही आणि तो मोठा नाहीच. उरलेले ९३ टक्के आजही बव्हंशी आवारातच खर्ची पडू शकतात.

सेवेच्या बदल्यात शिक्षण ही कल्पना देशपातळीवर नेली ती अमेरिकॉर्प्स या केंद्र सरकारच्या सेवायोजनेने. कायद्यावर बिल क्लिंटन यांची सही २१ सप्टेंबर १९९३ ची. त्यामागे दोन जुन्या आठवणी होत्या. एक, १९४४ चा कायदा, ज्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेजची दारं उघडली. दुसरी, मंदीच्या काळातली रूझवेल्ट यांची झाडं लावणाऱ्या आणि बंधारे बांधणाऱ्या तरुणांची फौज. बंदूक उचलणाऱ्याला देश शिकवतो, तर मग शाळेत शिकवणाऱ्याला, पुरात धावून जाणाऱ्याला का नाही, असा तो युक्तिवाद होता. एक वर्ष, १७०० तास, त्या काळात पोटापुरता भत्ता आणि वर्ष पुरं झाल्यावर शिक्षणासाठी ४,७२५ डॉलर. पैसे हातात पडत नाहीत. कॉलेजच्या किंवा शैक्षणिक कर्जाच्या खात्यात परस्पर जातात, आणि सात वर्षांच्या आत वापरावे लागतात. सोळा वर्षं हा आकडा हलला नाही. २००९ मध्ये एडवर्ड केनेडी यांच्या नावाचा कायदा झाला आणि ही रक्कम गरिबांसाठीच्या पेल अनुदानाच्या कमाल मर्यादेशी बांधली गेली. त्याच कायद्याने आणखी एक गंमत केली. ५५ वर्षांवरच्या माणसाने सेवा केली तर आपलं बक्षीस तो मुलाच्या किंवा नातवंडाच्या शिक्षणाला देऊ शकतो. आजीने निवृत्तीनंतर गावातल्या मुलांना शिकवायचं आणि नातीची फी भरायची.

या पैशावर आयकर लागतो, आणि इथे सगळ्या प्रकाराची खरी परीक्षा होते. अमेरिकेत फीसाठी दिलेली साधी शिष्यवृत्ती करमुक्त असते. तीच जर ‘आधी काम कर, मग घे’ या अटीवर दिली तर आयकर खात्याच्या नजरेत ती मजुरी ठरते. म्हणजे एकाच कॉलेजातल्या दोन मुलांना सारखीच रक्कम मिळाली, एकाला मार्कांवर आणि दुसऱ्याला वर्षभर बेघरांच्या निवाऱ्यात राबून, तर कर भरणार दुसरा. डॉक्टरांच्या आणि सैन्याच्या काही शिष्यवृत्त्या यातून वगळलेल्या आहेत, पुढे बेरियासारख्या कॉलेजांनाही सूट मिळाली, पण अमेरिकॉर्प्सचं बक्षीस करपात्रच राहिलं. कायद्याच्या भाषेत या न्यायाचं समर्थन करता येतं. मला तो न्याय वाटत नाही.

सरकारी योजनेची दुसरी अडचण म्हणजे सरकार. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने अमेरिकॉर्प्सची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात रद्द केली. हजारो तरुणांची सेवा वर्षाच्या मध्येच थांबली, राज्यं न्यायालयात गेली आणि काही राज्यांत जूनमध्ये न्यायालयाने अनुदानं परत चालू करायला लावली. तासांवर चालणाऱ्या योजनेत अशी मध्येच काठी घातली की कोणाचे किती तास धरायचे इथपासून भांडण सुरू होतं.

टेनेसीची योजना वेगळ्या टोकाला आहे. २०१४ मध्ये तिथे ‘टेनेसी प्रॉमिस’ आली. राज्यातल्या बारावी झालेल्या कोणत्याही मुलाला दोन वर्षांच्या सामुदायिक किंवा तांत्रिक कॉलेजची फी माफ; इतर अनुदानं वजा जाऊन जे उरेल ते राज्य भरणार. अट अशी की प्रत्येक सत्राआधी आठ तास समाजसेवा करायची आणि मुदतीच्या आत ती नोंदवायची. आठ तास म्हणजे एक शनिवार. ग्रंथालयात पुस्तकं लावा, नदीकाठचा कचरा उचला, झालं. आता या आठ तासांतून त्या गावाला काय मिळतं? फारसं काही नाही. एका दिवसापुरत्या आलेल्या मुलाला काम समजावून सांगण्यातच संस्थेचा अर्धा दिवस जातो. मुलाला काय मिळतं? बहुधा एक धडा, की फुकट काही नसतं. पण ज्या मुलीला शनिवारी पाळी आहे आणि घरी गाडी नाही, तिच्यासाठी हेच आठ तास गळतीचं आणखी एक भोक होतात. या योजनेत मुदत चुकली की फीमाफी जाते, आणि मुदत चुकणारी मुलं गरिबांपैकीच जास्त असणार हे सांगायला संशोधन लागत नाही. आठ तास सेवा म्हणून फार कमी आहेत आणि अट म्हणून फार जास्त.

सक्तीचा परिणाम मनावर काय होतो यावर मात्र संशोधन झालेलं आहे. आर्थर स्टुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेवा सक्तीची केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हे आपल्यावर बाहेरून लादलं जातंय असं प्रकर्षाने वाटत होतं, त्यांची पुढे आपण होऊन सेवा करण्याची इच्छा घटलेली दिसली. ज्यांना थोडी तरी निवड करायला मिळाली त्यांचं तसं झालं नाही. बॉनरची दुसऱ्या वर्षी ‘तुझी जागा तू ठरव’ ही पद्धत या निष्कर्षाच्या आधीची आहे, पण त्याला धरूनच आहे.

ज्यांची सेवा होते त्यांचं काय? विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत कुएर्नावाका इथे, खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. बोलावलं होतं पाहुणा म्हणून. इलिच यांनी त्यांना सरळ परत जायला सांगितलं. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचं जगणं माहीत नाही, त्यांच्यावर आपलं भलं लादायला येऊ नका, हा त्या भाषणाचा रोख. बॉनरसारख्या योजनांकडे याचं निम्मं उत्तर आहे. कोळसापट्ट्यातली मुलगी कोळसापट्ट्यातल्या शाळेत जाते तेव्हा तिला तिथली बोली शिकावी लागत नाही. उरलेलं निम्मं उत्तर तिथल्या संस्थेने द्यायचं असतं. मुलं हवीत की नकोत, कोणत्या कामाला हवीत, किती दिवस, हे ठरवण्याचा हक्क तिला नसेल तर ती फक्त विद्यार्थ्यांचे तास भरून देणारं खिडकीपलीकडचं ऑफिस होते.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये ‘कॉलेज कोअर’ सुरू केली, तेव्हा या सगळ्या आधीच्या योजनांचा अभ्यास केलेला दिसतो. एका शैक्षणिक वर्षात ४५० तास. मदत १० हजार डॉलर, त्यातले ७ हजार वर्षभर भत्ता म्हणून आणि ३ हजार काम पुरं झाल्यावर शिक्षणासाठी. भागाकार केला तर तासाला २२ डॉलरच्या वर पडतात. त्या वर्षी राज्यात मोठ्या आस्थापनांतलं किमान वेतन १५ डॉलर होतं. म्हणजे बर्गरच्या दुकानापेक्षा सेवा परवडते, आणि हे मुद्दाम केलेलं आहे. कामाचे विषयही ठरवून घेतले: शाळकरी मुलांचा अभ्यास, हवामानबदल, अन्नाची टंचाई. ज्या मुलांकडे अमेरिकेत राहण्याचे कागदच नाहीत, पण जी कॅलिफोर्नियातच शाळा शिकली, त्यांनाही राज्याने आपल्या पैशातून सामावून घेतलं. केंद्राच्या योजनांत त्यांना जागा नसते.

याच ओघात सेवा आधी की शिक्षण आधी, हेही पाहायला हवं. वरच्या योजनांत दोन्ही बरोबर चालतात किंवा सेवा आधी होते. डॉक्टरांच्या बाबतीत उलटं आहे: आधी शिका, मग फेडा. अमेरिकेतली नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर वैद्यकीय विद्यार्थ्याची फी भरते. त्याने जितकी वर्षं मदत घेतली तितकी, पण किमान दोन वर्षं, डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात काम करायचं. शब्द मोडला तर घेतलेल्या रकमेच्या तिप्पट वसुली, वर व्याज. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्यालाही एक वर्षाचा बाँड असतो आणि तो न पाळल्यास १० लाख रुपये भरायची तरतूद बरीच वर्षं होती. दहा लाख भरून मोकळं होण्याची ऐपत ज्याच्या बापाकडे असे, त्याच्यासाठी बाँड ही सेवेची अट न राहता एक दर होऊन बसे. तिप्पट दंड तितका सहज भरता येत नाही.

इथून अमेरिकेला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. फेडरल वर्क-स्टडी आणि अमेरिकॉर्प्सचं बक्षीस हे अमेरिकेचे नागरिक किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसाठी आहेत. एफ-वन व्हिसावर गेलेल्या मुलाला ते मिळत नाहीत. तो सत्र चालू असताना आवारातच आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करू शकतो. बेरिया मात्र दरवर्षी परदेशातली मोजकी मुलं घेतं आणि त्यांनाही तेच दहा तास लागू असतात. प्रवेशाची स्पर्धा कडक आहे, पण हे दार उघडं आहे हे आपल्याकडच्या फार थोड्या शाळांना ठाऊक असतं.

बेरियाचा सर्वांत जवळचा भाऊबंद शोधायचा तर साताऱ्याला यावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं केलं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. मुलं शेतात राबत, दगड फोडत, स्वयंपाक करत आणि शिकत. एका पंगतीत बसून जेवणं हा त्या शिक्षणाचा अर्धा अभ्यासक्रम होता, आणि तेव्हाच्या समाजात तो बाकीच्या अर्ध्यापेक्षा कठीण होता. त्याच परंपरेतली ‘कमवा आणि शिका’ योजना आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत चालते. मुलं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करतात. फेडरल वर्क-स्टडीतल्या ९३ टक्क्यांसारखंच, काम आवाराच्या आत.

आवाराबाहेरची सेवा आपल्याकडे दुसऱ्या खात्यात आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बदल्यात प्रमाणपत्र, काही ठिकाणी वाढीव गुण, नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक. पैसे नाहीत. म्हणजे एकाच कॉलेजात पैसे देणारी योजना बागेत पाणी घालायला लावते आणि सेवेची योजना पैसे देत नाही. दोन्हींची टेबलं शेजारी-शेजारी असली तरी फायली एकमेकींना भेटत नाहीत. संध्याकाळी पेट्रोल पंपावर उभा राहणारा मुलगा ‘कमवा आणि शिका’त नाव घालतो. रासेयोच्या रविवारच्या श्रमदानाला येणं त्याला परवडत नाही, आणि ज्या गावात शिबिर लागतं त्या गावातलाच तो असू शकतो.

या दोन फायली एकत्र करायला नवा कायदा लागणार नाही. ‘कमवा आणि शिका’च्या तासांतले निम्मे जरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीच्या पाणी-पट्टीच्या नोंदीत घालायची मुभा दिली तरी पुष्कळ होईल. अडचण पुढे येते. बॉनरच्या कॉलेजांत या कामासाठी पगारी समन्वयक असतो. संस्थांशी बोलणं, मुलांना तिथे नेमणं, टाइमशीट वाचणं, साप्ताहिक बैठक घेणं हीच त्याची नोकरी. रासेयोच्या एका युनिटमध्ये शंभर स्वयंसेवक असतात आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी. ते असतात कुठल्या तरी विषयाचे प्राध्यापक: तासिका पूर्ण, परीक्षेची ड्युटी पूर्ण, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं पूर्ण, आणि त्यात शंभर मुलांच्या डायऱ्या. त्या डायऱ्या मार्चमध्ये एका रात्रीत कशा लिहिल्या जातात हे कॉलेजात शिकलेल्या कोणालाही सांगायला नको. मुलांच्या तासाला पैसे द्यायचे ठरलं, तर पहिली नेमणूक त्या डायऱ्या दर आठवड्याला वाचणाऱ्या माणसाची करावी लागेल, आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा हा प्रश्न मंत्रालयात सर्वांत आधी विचारला जाईल.